रोज वापरायच्या फोर बाय फोरसाठी लिफ्ट किट: किती उंची घ्यावी आणि संचात काय काय असावे?

आडवाट

नमस्कार. माझी गाडी आठ वर्षांची, शिडी चासीवर बांधलेली डिझेल फोर बाय फोर आहे. पुढे कॉइल स्प्रिंग असलेले स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे अखंड एक्सल आहे आणि त्यावरही कॉइल स्प्रिंगच आहेत. आठवड्यातले सहा दिवस ती मला कामावर नेते आणि आणते. रोजचे अंतर साधारण ५० किलोमीटर आणि त्यातले निम्म्याहून अधिक हमरस्त्याचे. महिन्यातून दोन वेळा मात्र आम्ही चार-पाच जण कच्च्या वाटेला लागतो, आणि तिथे हल्ली गाडी खालून वारंवार टेकू लागली आहे. गेल्या खेपेस ओढ्यातून वर चढताना असा आवाज झाला की मी गाडी तिथेच थांबवली आणि उताणा पडून खाली पाहिले.

बाजारात गाडीला ५०, ७५ आणि १०० मिमी वर उचलणारे संच (लिफ्ट किट) दिसतात. शिवाय केवळ स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक यांच्या एकत्र खांबाच्या) डोक्यावर बसवायचे धातूचे स्पेसरही मिळतात. मला उंची हवी आहे, पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना गाडी आज जशी सरळ आणि निमूट चालते तशीच चालली पाहिजे. आईचे गुडघे दुखतात आणि गाडीत चढताना तिला आताच हात द्यावा लागतो, तोही विचार करायचा आहे. ज्यांनी रोजच्या गाडीला हे काम करून घेतले आहे त्यांनी बसवल्यानंतर काय बदलले ते सविस्तर सांगावे, ही विनंती.

पाना_बारा

आडवाट, उंचीचा आकडा ठरवण्याआधी नेमके काय टेकते ते शोधा. पायरी, टो हुक, एक्झॉस्ट, गिअरबॉक्सखालचा आडवा दांडा आणि मागच्या एक्सलवरची शॉकची ब्रॅकेट या सगळ्यांच्या खालच्या कडांना पांढऱ्या रंगाचा हलका हात मारा आणि नेहमीच्या वाटेवर एकदा जाऊन या. परतल्यावर रंग जिथे खरवडला असेल तिथे तुमचे उत्तर मिळेल. अनेकदा असे दिसते की लोक संपूर्ण गाडी उचलतात आणि टेकत असते ती फक्त बाजूची पायरी.

दुसरे काम म्हणजे मोजमाप. सपाट जागी गाडी उभी करा, टाकी भरलेली ठेवा, नेहमीचे सामान आत असू द्या, आणि चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहून काढा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही मिसळतात. आठ वर्षांच्या स्प्रिंग बसलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे.

ओढाकाठ

मी १०० मिमीचा संच बसवला होता आणि चौदा महिन्यांनी काढला. गाडीची रचना तुमच्यासारखीच होती, म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिला महिना आनंदात गेला. नंतर हमरस्त्यावर ८० च्या पुढे बारीक थरथर जाणवू लागली. ती चाकांची असेल असे समजून मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतले, पण थरथर होती प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याची. गाडी उचलली की गिअरबॉक्स वर जातो, मागचा एक्सल जमिनीजवळच राहतो आणि मधल्या शाफ्टचा उतार वाढतो. त्याच्या दोन टोकांच्या क्रॉस जॉइंटचे कोन एकमेकांशी जुळत नसतील तर शाफ्ट एका फेरीत दोनदा किंचित वेगावतो आणि मंदावतो, आणि तीच थरथर गाडीच्या तळातून पायाला लागते. पुढे पाचव्या महिन्यात उजव्या बाजूचा सीव्ही बूट (पुढचे चाक फिरवणाऱ्या अर्धशाफ्टच्या सांध्यावरचे रबरी आवरण) फाटला आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा पट्टा उमटला. बूट बदलला, तर सातव्या महिन्यात डावा गेला. अर्धशाफ्ट कायम तिरका राहिला की बुटाच्या घड्या एकमेकींवर घासत राहतात, आणि त्यावर चांगल्या प्रतीचा बूट हा उपाय ठरत नाही.

पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) खाली घेण्याचे ब्रॅकेट बसवून कोन कमी करता येतात, हे खरे आहे. पण मग पुढच्या बाजूला मिळवलेल्या उंचीचा काही भाग तिथेच परत जातो, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आज माझ्या गाडीला ४५ मिमी उंची आहे आणि दोन वर्षांत एकही बूट गेलेला नाही.

चकवा

उंचीआधी टायर बघा. चांगल्या नक्षीचे टायर आणि कच्च्या वाटेवर कमी केलेली हवा यांनी अर्धे प्रश्न सुटतात. परतीला डांबरावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरायला मात्र विसरू नका.

त्रिज्या

चकवा यांच्याशी सहमत आहे, आणि त्यामागचे गणित मांडावेसे वाटते, कारण लिफ्ट किट म्हणजे गाडीखालची सगळी जागा वाढते असा समज फार पसरला आहे.

अखंड एक्सल चाकांच्या मधोमध बसलेला असतो. स्प्रिंग कितीही लांब केली तरी त्याचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो, वर जाते ती फक्त चासी आणि बॉडी. गोळा वर न्यायचा तर टायरचा व्यास वाढवावा लागतो आणि त्या वाढीचा निम्माच भाग गोळ्याखाली मिळतो. २४५/७० आर १६ या टायरचा व्यास साधारण ७४९ मिमी भरतो आणि २६५/७० आर १६ चा ७७७ मिमी. २८ मिमी व्यास वाढला, म्हणजे गोळ्याखाली १४ मिमी मिळाले. त्याचबरोबर वेगदर्शकाचे वाचनही सुमारे पावणेचार टक्क्यांनी सरकते, म्हणजे पूर्वी काटा १०० दाखवताना जो खरा वेग असे त्यापेक्षा आता तो तितक्या टक्क्यांनी अधिक असतो. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनची गोष्ट निराळी आहे. तिथे डिफरन्शियल चासीला टांगलेला असल्यामुळे गाडी उचलली की तोही वर जातो, आणि ओढाकाठ म्हणाले तसे तो ब्रॅकेटने खाली घेतला की तो लाभ जातो.

सस्पेन्शन लिफ्टचा खरा लाभ कोनांमध्ये आहे: चढ सुरू होताना पुढच्या बंपरचा, उतार संपताना मागच्या टोकाचा आणि उंचवटा ओलांडताना पोटाचा. यातला पोटाचा कोन पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर फार अवलंबून असतो. सुझुकी जिम्नीच्या तीन दारी आणि पाच दारी या दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली २१० मिमीच जागा आहे. पण चाकांमधले अंतर २२५० मिमीवरून २५९० मिमी झाल्याबरोबर पोटाचा कोन २८ अंशांवरून २४ अंशांवर आला. म्हणून लांब गाडीला जी उंची गरजेची असते ती आखूड गाडीला चैन ठरू शकते. आडवाट, तुमच्या गाडीच्या चाकांमधले अंतरही कळवा.

मातीचा_रस्ता

येथे स्पेसरबद्दल कोणी काहीच बोलले नाही, म्हणून मी माझा अनुभव सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी पुढच्या स्ट्रटवर स्पेसर आणि मागच्या स्प्रिंगखाली स्पेसर बसवले. चाकापाशी मिळालेली उंची ३० मिमीच्या आसपास आहे. स्प्रिंग मूळच्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळचे, त्यामुळे गाडीची चाल जवळजवळ पूर्वीसारखीच राहिली. महागड्या संचांवर ताठ झालेल्या गाड्यांत मी बसलो आहे आणि रोजच्या रस्त्यावर मला माझीच गाडी अधिक सुखाची वाटते. ज्याला फक्त थोडीशी उंची हवी आहे त्याला संपूर्ण संच घ्यायला लावणे मला पटत नाही.

पाना_बारा

मातीचा_रस्ता, ३० मिमीपुरते तुमचे म्हणणे मला मान्य आहे. स्प्रिंगवरचा भार आणि तिचा ताठरपणा बदलत नाही, म्हणून चाल मऊ राहते. अडचण सुरू होते ती लोक तोच उपाय ५० किंवा ६० मिमीपर्यंत ताणतात तेव्हा.

आडवाट यांच्यासाठी थोडे खोलात जातो. पुढचा स्ट्रट खालच्या आर्मच्या टोकाला नसून मध्यावर कुठेतरी टेकलेला असतो. त्यामुळे डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर ठेवला की चाकापाशी साधारण ४५ ते ५० मिमी उंची मिळते. पाकिटावर लिहिलेला आकडा स्पेसरच्या जाडीचा आहे की चाकापाशी मिळणाऱ्या उंचीचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. डोक्यावर स्पेसर आला म्हणजे संपूर्ण स्ट्रट खाली सरकला. चाक हवेत लोंबते तेव्हा ते मूळच्यापेक्षा तितकेच अधिक खाली जाते आणि बॉल जॉइंट व सीव्ही जॉइंट त्यांच्या मर्यादेपर्यंत ओढले जातात. उलट बाजूला, चाक पूर्ण वर दाबले जाते तेव्हा बंप स्टॉप (चाकाला शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) टेकण्याआधीच स्ट्रट आतून संपू शकतो, आणि तो ठोका स्ट्रटच्या दांड्यावर आणि त्याच्या माउंटवर बसतो.

दुसरा प्रकार आहे स्ट्रटच्या आत, स्प्रिंगवर बसणाऱ्या स्पेसरचा. त्यात स्ट्रटची लांबी तीच राहते, गाडी मात्र वर उभी राहते, म्हणजे चाकाची खाली जाण्याची जागा कमी होते. समजा मूळ गाडीत चाक स्थिर स्थितीपासून ९० मिमी खाली जाऊ शकत होते. ५० मिमी उंची घेतल्यावर उरले ४०. मग गतिरोधकावरून उतरताना पुढून दर वेळी ‘टक’ असा आवाज येतो, तो शॉक पूर्ण ताणून थांबल्याचा असतो. मूळच्या लांबीच्या शॉकवर उंच स्प्रिंग चढवली तरी हेच होते. म्हणूनच ४० मिमीच्या पुढे जायचे असेल तर स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी बनवलेलेच घ्यावेत.

मातीचा_रस्ता

मान्य. मी वर ३० मिमी लिहिले, ते चाकापाशी मोजलेलेच आहे. त्याच्या पुढे स्पेसरची शिफारस मीही करणार नाही.

अक्षांश

आडवाट यांच्या गाडीला हे लागू होत नाही, पण पुढेही अखंड एक्सल असलेल्या गाड्यांचे अनेक मालक हा धागा वाचतील, म्हणून लिहितो. अशा गाडीत एक्सल दोन लांब आर्मनी चासीला धरलेला असतो. गाडी उचलली की आर्म खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर एक्सलही किंचित फिरतो, त्यामुळे कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. आर्म ८०० मिमी लांब धरला तर ५० मिमी उंचीने हा फरक सुमारे साडेतीन अंशांचा होतो. कित्येक गाड्यांत मूळ कॅस्टरच तेवढा असतो. कॅस्टर गेला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि हमरस्त्यावर गाडी सतत इकडेतिकडे भरकटू लागते. ते सावरण्यासाठी मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) किंवा आर्म खाली घेणारे ब्रॅकेट मिळतात, आणि ५० मिमीच्या संचात ते धरूनच चालावे.

याशिवाय पॅनहार्ड रॉड. तो एका टोकाने चासीला आणि दुसऱ्याने एक्सलला बांधलेला तिरका दांडा असतो. ९०० मिमीच्या दांड्याला आधीच १०० मिमी उतार असेल आणि त्यात आणखी ५० मिमीची भर पडली, तर संपूर्ण एक्सल ७ मिमी एका बाजूला सरकतो. लांबी कमी-अधिक करता येणारा रॉड घेतला की एक्सल पुन्हा मध्यावर आणता येतो. हा मुद्दा आडवाट यांच्या मागच्या एक्सललाही लागू आहे.

रानपाखरू

सर्वांनी स्प्रिंग आणि जॉइंटबद्दल लिहिले आहे, मला ब्रेकबद्दल कळकळीने सांगायचे आहे.

माझ्या गाडीला ५० मिमीचा चांगला संच बसवून घेतला तेव्हा चाल सुंदर झाली, परंतु जोराने ब्रेक दाबला की नाक पूर्वीपेक्षा अधिक खाली जायचे आणि थांबायला अंतर जास्त लागायचे. ज्या गॅरेजमध्ये काम केले होते तिथे मला सांगण्यात आले की गाडी उंच झाल्यावर असे वाटतेच. दोन महिने मी ते ऐकून घेतले. शेवटी दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने गाडी वर घेतली आणि मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत जाणारी बोटाएवढी जाड सळई मला दाखवली. मागे किती भार आहे हे हा व्हॉल्व्ह चासी आणि एक्सल यांमधल्या अंतरावरून ओळखतो आणि त्या प्रमाणात मागच्या ब्रेकला दाब सोडतो. चासी ५० मिमी वर गेली, व्हॉल्व्हला वाटले की गाडी रिकामीपेक्षाही रिकामी आहे, आणि त्याने मागचे ब्रेक जवळजवळ मिटवून टाकले. सळईच्या टोकाला तेवढ्याच उंचीची छोटी ब्रॅकेट लावली आणि त्याच संध्याकाळी गाडी पूर्वीसारखी चारही चाकांवर बसून थांबू लागली.

ज्या गाड्यांचे हेडलॅम्प भारानुसार आपोआप खाली-वर होतात त्यांच्या सेन्सरलाही असाच एक्सलला जोडलेला छोटा दांडा असतो. तोही पाहून घ्यावा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आपला झोत जात असेल तर तो आपल्याला कळतही नाही.

भिंगरी

रानपाखरू, मनःपूर्वक धन्यवाद. माझ्याही गाडीत हेच लक्षण आहे. उद्याच गाडी वर घेऊन पाहते.

डोंगरकूस

एक प्रश्न आहे. बॉडी लिफ्टबद्दल काय मत आहे? त्यात सस्पेन्शनला हातच लावावा लागत नाही, असे ऐकले आहे.

पाना_बारा

बॉडी लिफ्ट म्हणजे बॉडी आणि चासी यांच्यामध्ये ठोकळे घालणे. मोठ्या टायरसाठी मडगार्डमध्ये जागा मिळते, सीव्ही आणि शाफ्टचे कोन जसेच्या तसे राहतात. परंतु चासी, गिअरबॉक्स आणि आडवा दांडा मूळ उंचीवरच राहतात, त्यामुळे पोट टेकण्याच्या तक्रारीवर त्याचा काहीही उपयोग नाही. स्टेअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरचे आवरण, गिअरच्या दांड्याचे भोक, बंपरची उंची हे सगळे मात्र जुळवत बसावे लागते.

वजनकाटा

आडवाट, तुमच्या गाडीवर वरून चढवलेले वजन किती आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. स्प्रिंग निवडताना उंचीपेक्षा हा आकडा महत्त्वाचा असतो.

प्रत्येक बऱ्या उत्पादकाच्या यादीत एकाच गाडीसाठी तीन-चार प्रकारच्या स्प्रिंग असतात: रिकाम्या गाडीसाठी, लोखंडी बंपरसाठी, बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) दोन्हींसाठी, आणि मागे कायम सामान वाहणाऱ्यांसाठी. लोखंडी बंपर आणि विंच मिळून नाकावर १०० किलोच्या आसपास वजन येते. ते असेल आणि रिकाम्या गाडीची स्प्रिंग घेतली तर कागदावरची उंची मिळत नाही. उलट, मागे काहीच वजन नसताना भारवाही स्प्रिंग घेतली तर गाडी रोज कामावर जाताना प्रत्येक सांध्यावर उडते आणि मागे बसणाऱ्याची पाठ दुखते. हा दुसरा चुकीचा पर्याय फार जण घेतात, कारण सहलीच्या दिवशीचे भरगच्च सामान डोळ्यांसमोर असते आणि उरलेले अठ्ठावीस दिवस विसरले जातात.

हिशेब करून पाहा. मागच्या एका स्प्रिंगचा ताठरपणा प्रति मिलिमीटर ३० न्यूटन असेल आणि सहलीला मागच्या एक्सलवर १५० किलो चढत असेल, तर प्रत्येक बाजूला ७५ किलो येऊन मागचा भाग सुमारे २५ मिमी खाली बसेल. ४० न्यूटनची स्प्रिंग असेल तर १८ मिमी. फरक ७ मिमीचा आहे. त्या ७ मिमीसाठी रोजची चाल खडबडीत करून घ्यायची का, हे तुम्ही ठरवा.

शॉकबद्दल माझे मत असे की रोजच्या वापराला आणि महिन्यातल्या दोन खेपांना चांगला, वायू भरलेला ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉक पुरतो. मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉक उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि लांबच्या खडखडीत वाटेवर त्याचा जोर टिकतो. पण त्याच्या बाहेरच्या नळीतच पिस्टन फिरत असतो, त्यामुळे दगडाने ती आत चेपली तर शॉक अडकतो.

समतोल

मला उलट बाजू मांडायची आहे. रोजच्या गाडीला लिफ्ट बसवूच नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कलंडण्याचा धोका हे आहे.

गाडी किती सहज कलंडते याचे साधे मोजमाप म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन आपल्या कलंडण्याच्या मानांकनात हेच गुणोत्तर वापरते. चाकांमधले अंतर १४०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर असेल तर ते १.०० येते. गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेला तर ०.९३. वळणावर अचानक कोणी आडवे आले आणि स्टेअरिंग झटक्यात फिरवावे लागले, तर हा फरक लहान नसतो. घरची सगळी माणसे ज्या गाडीत बसतात तिच्या बाबतीत तो पत्करावा असे मला वाटत नाही.

वजनकाटा

समतोल, तुमची काळजी रास्त आहे आणि ती प्रत्येकाने मनावर घ्यावी. एक दुरुस्ती सुचवतो. ५० मिमी उचलल्यावर चाके, एक्सल आणि ब्रेक जिथे होते तिथेच राहतात, म्हणून संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य ५० मिमीपेक्षा काहीसा कमीच वर जातो. पण टपावर कॅरिअर ठेवून त्यात भरलेले डबे आणि जादा चाक लादले तर तोही फायदा पुसला जातो. माझ्या अनुभवात उंच गाडीपेक्षा टपावर लादलेली गाडी अधिक भीतीदायक डुलते. टप मोकळा ठेवावा आणि जड वस्तू आत, जमिनीलगत बांधून ठेवाव्यात.

चकवा

टपाबद्दल दुजोरा. आणि तळघरातल्या पार्किंगची उंची बसवण्याआधी मोजून घ्या, अँटेना धरून.

खिळपाटी

बसवण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. यांतली पहिली चूक माझ्या गाडीवर झाली आणि तिचे परिणाम मी भोगले.

आर्मच्या टोकांचे रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला घट्ट चिकटवलेले असतात. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पीळ घेते आणि सोडते. गाडी रॅम्पवर, चाके लोंबत असताना मधला बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडला जातो. मग गाडी जमिनीवर उतरली की तो चोवीस तास पिळलेलाच राहतो. माझ्या गाडीच्या मागच्या आर्मचे चारही बुश सात महिन्यांत फाटले. बाहेर काढून पाहिले तेव्हा रबर एकाच दिशेने अर्धचंद्रासारखे चिरले होते. बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीन वेळा दाबून बसवायची, आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचे. काम चालू असताना तिथे उभे राहा आणि हे डोळ्यांनी पाहा.

दुसरी गोष्ट अशी की एका मागच्या चाकाखाली जॅक लावून ते पूर्ण वर घ्या आणि दुसरे लोंबू द्या. लोंबत्या बाजूची ब्रेकची रबरी नळी, एबीएसची तार आणि एक्सलच्या श्वासनळीचा पाइप यांच्यावर बोट फिरवून पाहा. वीणेच्या तारेसारखे काही ताणलेले लागले तर तिथेच काम थांबवा आणि लांब नळी किंवा ब्रॅकेट बसवा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, आणि गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर स्टेअरिंगच्या सेन्सरचा शून्यही नव्याने ठरवून घ्यावा. काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांना त्याचेही कॅलिब्रेशन लागते.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण पाना_बारा यांनी सांगितलेले दोन्ही उद्योग करत होतो.

आधी मोजमाप. माझ्या गाडीत हबपासून मडगार्डपर्यंत पुढे डावीकडे ४९२ आणि उजवीकडे ४७८ मिमी, मागे ५१४ आणि ५०२ मिमी भरले. उजवी बाजू चालकाची आहे आणि बहुतेक वेळा मी एकटाच असतो. माझ्या एका मित्राकडे याच प्रकारची, फार कमी चाललेली गाडी आहे. तिच्यात पुढे ५०५ आणि मागे ५३० भरले. म्हणजे जी ५० मिमी उंची मी विकत घ्यायला निघालो होतो, तिच्यातली जवळजवळ निम्मी माझ्याच गाडीने आठ वर्षांत हरवलेली होती.

आता रंग. दोन्ही पायऱ्यांच्या खालच्या कडा पूर्ण खरवडल्या, टो हुकचा रंग गेला, आणि मागच्या एक्सलवरच्या शॉकच्या ब्रॅकेटवर चकचकीत ओरखडे दिसले. आडव्या दांड्याचा रंग जसाच्या तसा होता. त्रिज्या, चाकांमधले अंतर २७५० मिमी आहे. वजनकाटा, गाडीवर जादा काहीही नाही, ना विंच ना कॅरिअर. सहलीला मागे ८० किलो सामान आणि माणसे, एवढेच.

यावरून माझा विचार असा झाला आहे: मित्राच्या गाडीच्या उंचीवर ४० मिमी देणाऱ्या, रिकाम्या गाडीसाठीच्या स्प्रिंग, त्यांच्या जोडीचे ट्विन ट्यूब शॉक, पॅनहार्ड रॉड आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हची ब्रॅकेट. पायऱ्यांऐवजी चासीला जोडलेले, उंच बसणारे स्लायडर (दाराखालची कड दगडांपासून वाचवणारे लोखंडी दांडे). आईच्या दाराशी घडी होऊन खाली येणारी एक पायरी बसवणार आहे. काही राहिले आहे का?

पाना_बारा

टो हुक काढता येण्याजोगा असेल तर वाटेवर जाताना काढून ठेवा. ४० मिमीला वरचा आर्म बदलावा लागतोच असे नाही, पण अलाइनमेंटमध्ये कॅस्टर मर्यादेत येत नसेल तर तो घ्यावा लागेल. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. बदलाची नोंद विमा कंपनीकडे लेखी करा आणि तुमच्याकडच्या वाहन नियमांत हे बसते की नाही ते संच मागवण्याआधी पाहा.

समतोल

आडवाट, तुम्ही मोजून आणि घरच्यांचा विचार करून निर्णय घेतलात, याचा मला आनंद आहे. ४० मिमीला माझा विरोध नाही. पहिले काही दिवस ओळखीच्या वळणांवर वेग थोडा कमी ठेवा.

आडवाट

शेवटची नोंद. नियम पाहून आणि विमा कंपनीला लेखी कळवून काम झाले, आणि ११०० किलोमीटर चालवूनही झाले. बसवल्याच्या दिवशी पुढे ५५१ आणि ५४९, मागे ५७४ आणि ५७२ भरले होते. आज पुढे ५४६ आणि ५४४, मागे ५७० आणि ५६८ आहेत. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवल्यावरच आवळले गेले, मी शेजारी उभा होतो. ५०० किलोमीटरनंतर तपासताना मागच्या पॅनहार्ड रॉडचा एक बोल्ट जवळपास पाव फेरा फिरला, बाकी सर्व घट्ट होते. कॅस्टर वरचा आर्म न बदलता मर्यादेत आला. १०० च्या वेगाला थरथर नाही, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी सपाट बसते.

आई नव्या पायरीवर पाय ठेवून, दाराच्या खांबाला धरून स्वतः चढली. मला फक्त दार लावायचे काम उरले.

कालच्या वाटेवर पोट कुठेही टेकले नाही. मागच्या शॉकच्या ब्रॅकेटवर मात्र एक ताजा ओरखडा आहे. त्रिज्या यांनी सांगितल्याप्रमाणे ते टायरकडेच येते. सध्याच्या टायरची नक्षी अजून ५ मिमी शिल्लक आहे, ती संपली की २६५ चा विचार करीन आणि त्या वेळी याच धाग्यावर परत येईन.